नगरवैद्य पॅट्रिक गेडिस

शहरातील रस्ता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा मार्ग, असे आपण सहज समजून चालतो. परंतु थोडे निरखून पाहिले, तर त्याच रस्त्यावर मुले खेळताना दिसतात, भाजीवाली टोपली मांडून बसलेली असते, वृद्ध माणसे ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करीत असतात आणि सणासुदीची मिरवणूकही तेथूनच निघते. रस्ता जसजसा केवळ वाहनांच्या सोयीसाठी रुंद होत जातो, तसतशी ही माणसे कडेला सरकत जातात आणि अखेरीस दिसेनाशी होतात. शहराची रचना वाहनांच्या वेगाला धरून करावी की तेथे राहणाऱ्या माणसांच्या जीवनाला धरून, हा प्रश्न आज प्रत्येक मोठ्या शहरापुढे उभा आहे. मोटारगाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, त्या काळात हा प्रश्न ज्यांनी ओळखला आणि भारतातील गल्लीबोळांतून पायी हिंडून ज्यांनी त्याचे उत्तर शोधले, त्या सर पॅट्रिक गेडिस यांच्या जीवनकार्याची ओळख या पाठात आपण करून घेणार आहोत.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. त्यांचे वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ या गावाजवळच्या टेकडीवरील एका छोट्या घरात राहावयास आले. घराभोवती बाग होती आणि टेकडीवरून खालचे गाव, नदी, शेते व दूरवरचे डोंगर असे सारे एकत्र दिसत असे. वडिलांबरोबर बागेत काम करणे आणि रानावनांतून भटकणे हेच त्या मुलाचे पहिले शिक्षण ठरले. गाव हे भोवतालच्या डोंगर, नदी आणि शेतीपासून वेगळे काढून पाहता येत नाही, ही जाणीव त्यांच्या मनात तेव्हापासून रुजली असावी. पुढे काही काळ त्यांनी बँकेत नोकरी केली. परंतु हिशेबाच्या वह्यांत त्यांचे मन रमले नाही.

वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी एडिंबरा विद्यापीठात नाव घातले. पण तेथील शिकवण्याची रूक्ष पद्धत त्यांना मानवली नाही आणि आठवड्याभरातच ते बाहेर पडले. त्यानंतर लंडनला जाऊन त्यांनी विख्यात जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांच्या हाताखाली अध्ययन केले. विशेष म्हणजे गेडिस यांनी विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही. तरीही पुढे ते दोन विद्यापीठीय संस्थांत प्राध्यापक झाले. ज्ञान हे प्रत्यक्ष पाहण्यातून आणि हातांनी करण्यातून येते, ही त्यांची श्रद्धा स्वतःच्या अनुभवातून आलेली होती.

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे बसून राहण्याची वेळ तरुण शास्त्रज्ञावर आली. त्या अवस्थेत खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हातांनी चाचपडत असताना, निरनिराळ्या विषयांचे परस्परसंबंध अशाच चौकोनांत मांडता येतील, असे त्यांना सुचले. पुढे दृष्टी परत आली; परंतु सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे त्यांना पूर्वीसारखे जमेना. वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करणारा हा संशोधक हळूहळू माणसांच्या वस्त्यांकडे वळला. वनस्पती आणि तिची भोवतालची जमीन यांचा जसा संबंध असतो, तसाच संबंध माणूस आणि त्याचे शहर यांच्यात असतो, हे त्यांनी जाणले. ठिकाण, तेथील काम आणि तेथील लोक या तीन गोष्टींचा एकत्रित विचार केल्यावाचून कोणत्याही वस्तीचे रहस्य उलगडत नाही, असे ते मानू लागले.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ॲना संगीतात निपुण होत्या आणि त्यांना समाजकार्याचीही ओढ होती. विवाहानंतर या दांपत्याने जो निर्णय घेतला, त्याने त्यांच्या परिचितांना आश्चर्याचा धक्का बसला असल्यास नवल नाही. एडिंबरा शहराचा जुना भाग त्या काळी अतिशय दाटीवाटीचा, अस्वच्छ आणि दरिद्री झाला होता. सुखवस्तू कुटुंबे तो भाग सोडून रुंद व सरळ रस्त्यांच्या नव्या शहरात केव्हाच राहावयास गेली होती. गेडिस पतिपत्नी मात्र नव्या शहरातून उलट दिशेने निघाली आणि १८८७ मध्ये जुन्या भागातील जेम्स कोर्ट या उंच इमारतींच्या चौकात बिऱ्हाड करून राहू लागली. गरिबांच्या वस्तीविषयी बाहेरून उपदेश करण्यापेक्षा त्या वस्तीचे रहिवासी होऊनच सुधारणेस आरंभ करावा, हा त्यामागील विचार होता.

तेथे त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन चौक झाडला, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. अत्यंत मोडकळीस आलेली तेवढीच घरे पाडून बाकीची दुरुस्त करविली. त्यामुळे कोंदट बोळांत उजेड आणि वारा खेळू लागला. पुढे त्यांच्या मंडळींनी जुन्या शहरातील पडीक व मोकळ्या तुकड्यांची पाहणी केली. एकेक तुकडा लहान असला, तरी त्या सर्वांची बेरीज सुमारे १० एकर भरली. त्यांपैकी काही जागांवर गेडिस यांची कन्या नोरा हिच्या देखरेखीखाली मुलांसाठी बागा तयार झाल्या. रस्त्यालगतची टाकून दिलेली जागासुद्धा माणसांच्या उपयोगी आणता येते, याचा तो वस्तुपाठच होता.

१८८८ पासून गेडिस डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. अध्यापनाचे काम केवळ उन्हाळ्याच्या सत्रात असल्यामुळे वर्षाचा उरलेला काळ त्यांना शहरांच्या अभ्यासासाठी मिळत असे. १८९२ मध्ये त्यांनी एडिंबऱ्यातील एक उंच इमारत घेऊन तेथे आउटलुक टॉवर ही आगळी संस्था सुरू केली. सर्वांत वरच्या मजल्यावरून प्रेक्षक प्रथम आपले शहर पाहत असे. तेथून एकेक मजला उतरत असताना त्याला आपला प्रांत, देश, युरोप आणि शेवटी संपूर्ण जग यांचा परिचय होत असे. आपल्या गल्लीपासून जगापर्यंतचा संबंध सामान्य नागरिकाच्या लक्षात यावा, हा त्याचा हेतू होता. नगररचना हे केवळ अभियंत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे काम नसून नागरिकांना आपले शहर समजले, तरच ते सुधारेल, असा त्यांचा दृढ विश्वास होता. याच विश्वासातून त्यांनी जगातील शहरांचे नकाशे, चित्रे व प्रतिकृती यांचे एक मोठे फिरते प्रदर्शन तयार केले.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडिस भारतात येण्यास निघाले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. ते येथे पोहोचले. परंतु त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज महायुद्धाच्या धामधुमीत एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. अनेक वर्षांच्या परिश्रमांचे फळ समुद्राच्या तळाशी गेले. गेडिस खचले नाहीत. ब्रिटनमधील मित्रांनी घाईने नवे साहित्य जमवून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले.

त्या काळी भारतातील नगरसुधारणेची स्थिती कशी होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि दाट वस्त्यांतून रुंद, सरळ रस्ते काढण्याचे काम त्याने हाती घेतले. हवा खेळती राहावी आणि रोग हटावा, हा उद्देश चांगला होता. अशीच मंडळे व योजना इतर शहरांतही निघाल्या. परंतु नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ प्रत्यक्षात शेकडो घरांवरून जात असे. ज्यांची घरे पडत, ती गरीब कुटुंबे शेजारच्या गल्लीत आधीच भरलेल्या खोल्यांत शिरत. तेथील गर्दी आणि भाडे दोन्ही वाढत. म्हणजे एका ठिकाणचा रोग दुसऱ्या ठिकाणी ढकलला जात असे.

गेडिस यांनी या पद्धतीला कसून विरोध केला. कुशल वैद्य ज्याप्रमाणे आधी रोग्याची नाडी पाहतो, निदान करतो आणि मगच उपचार ठरवितो, त्याचप्रमाणे शहराची पाहणी केल्यावाचून आराखडा करू नये, हे त्यांचे पहिले सूत्र होते. शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर ती कमीत कमी कापणारी आणि जास्तीत जास्त राखणारी असावी, हे दुसरे. म्हणून ते नकाशा हातात घेऊन उन्हातान्हात बोळाबोळातून हिंडत. कोणते घर खरोखर पडण्याच्या बेतात आहे, कोठे ओसाड परसू आहे, कोठे विहीर आणि देऊळ आहे, लोक सायंकाळी कोठे जमतात, याची ते घरागणिक नोंद करीत. मग एखादे पडके घर काढून तेथे छोटा चौक करणे, एखाद्या ठिकाणी बोळ हातभर रुंद करणे, चौकात सावलीचे झाड लावून त्याला पार बांधणे, असे उपाय ते सुचवीत.

तंजावर येथे नव्या रुंद रस्त्यांची एक खर्चीक योजना तयार झाली होती. गेडिस यांनी तीच वस्ती पायी फिरून पाहिली आणि अस्तित्वात असलेले बोळ थोडे सुधारले व मोजकी पडकी घरे हलविली, तर नव्या रस्त्यांची गरजच उरत नाही, असे दाखवून दिले. त्यात खर्च पुष्कळच कमी होता आणि बहुतेक कुटुंबांचे छप्परही शाबूत राहत होते. रहदारीचे मुख्य रस्ते थोडे आणि पुरेसे मोठे असावेत. परंतु घरांसमोरचे रस्ते शांत व अरुंद असले तरी चालतील, हे तत्त्व त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. आपल्या देशातील कडक उन्हात अरुंद गल्लीत सावली राहते, तर विनाकारण रुंद केलेला रस्ता तापतो आणि धूळ उडवितो, हे त्यांच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेने अचूक टिपले होते. पुढील काही वर्षांत मदुरा, ठाणे, वांद्रे, सुरत, बडोदे, लखनौ, लाहोर, बलरामपूर अशा अनेक गावांविषयी त्यांनी अहवाल लिहिले. डासांच्या भीतीने जुने तलाव बुजविण्याऐवजी त्यांत मासे व बदके सोडावीत, असा सल्ला त्यांनी दिला. अंगणातील तुळशीवृंदावनाकडेही ते आदराने पाहत. घराची स्वच्छता, वनस्पतींचे प्रेम आणि श्रद्धा यांचा सुंदर मेळ त्यांना तेथे दिसला.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात अत्यंत दुःखाचे ठरले. त्यांचा मोठा मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. त्याच सुमारास भारतात त्यांच्याबरोबर आलेल्या ॲना तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलाच्या मृत्यूची वार्ता आजारी आईला सांगण्याचे धैर्य गेडिस यांना झाले नाही. थोड्याच दिवसांत कलकत्त्यात ॲना यांचेही निधन झाले. मुलगा आणि सहधर्मचारिणी दोघांनाही एकाच वर्षात गमावलेल्या या वृद्ध गृहस्थाने आपले दुःख कामात बुडविले.

त्याच काळात इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या राज्यात ते नगररचनेचे काम करीत होते. प्लेगने शहर त्रस्त झाले होते. गल्लीतून हिंडताना लोक आपल्याकडे संशयाने व भीतीने पाहतात, हे गेडिस यांच्या लक्षात आले. साहेब आला की घर पडणार, अशी लोकांची समजूत झाली होती. आदेश काढून ही भीती जाणार नव्हती. तेव्हा त्यांनी एक अभिनव युक्ती योजली. दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्या हाती द्यावी, अशी विनंती त्यांनी दरबाराला केली आणि ती मान्य झाली. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यांनी जाईल, असे जाहीर करण्यात आले. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून गल्लीगल्लीत चढाओढ लागली. अडगळी निघाल्या, कचऱ्याच्या गाड्या भरभरून गावाबाहेर गेल्या, भिंतींना रंग चढला.

मिरवणुकीच्या दिवशी हत्ती, घोडे व पालख्या यांच्या मागोमाग रोगराईची भयानक सोंगे निघाली. त्यांत प्लेगचा प्रचंड उंदीरही होता. त्यांच्यामागून शहरातील सफाई कामगार पांढरीशुभ्र वस्त्रे लेवून, गळ्यांत हार घालून, हाती नव्या केरसुण्या घेऊन सन्मानाने चालले होते. ज्यांच्या श्रमांवर शहराचे आरोग्य अवलंबून असते, परंतु ज्यांना समाज दूर ठेवीत आला, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले. त्यापुढे नव्या घरांच्या प्रतिकृती होत्या आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी त्या राक्षसी उंदराचे दहन झाले. पुढे गेडिस गल्लीतून जाऊ लागले, की लोक भिण्याऐवजी आनंदाने त्यांच्याभोवती जमत. १९१८ साली त्यांनी इंदूरविषयीचा आपला विस्तृत अहवाल दोन भागांत सादर केला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांना ते वर्गात कमी आणि मुंबईच्या रस्त्यांवर अधिक शिकवीत. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे तरुण संस्कृत पंडित याच सुमारास त्यांच्या संपर्कात आले. मुंबई शहरावर घुर्ये यांनी लिहिलेला निबंध गेडिस यांच्या पसंतीस उतरला आणि त्यांना इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाची संधी मिळाली. परत आल्यावर १९२४ मध्ये घुर्ये यांनी तोच विभाग सांभाळला आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. जगदीशचंद्र बोस हे गेडिस यांचे मित्र होते. गेडिस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशीही त्यांचा स्नेह होता.

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे वास्तव्य केले. परंतु विश्रांती त्यांच्या नशिबी नव्हती. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव या नव्याने वाढणाऱ्या शहराचा आराखडा केला. त्यात रहदारीचे मोजके मुख्य रस्ते, त्यांच्या मधल्या भागांत घरांकडे नेणारे अरुंद व शांत रस्ते आणि मध्यभागी छोटी सार्वजनिक उद्याने अशी रचना होती. गाड्यांना त्यांचा मार्ग मिळावा आणि मुलांना व पादचाऱ्यांना त्यांचा, अशी ही विभागणी होती. त्या आराखड्यावर उभा राहिलेला शहराचा भाग २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. पूर्वी एकदा नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

गेडिस यांना सर्वत्र यश मिळाले असे म्हणता येणार नाही. ते बोलू लागले, की विषयामागून विषय निघत आणि ऐकणाऱ्यांना धागा सापडत नसे. त्यांचे लेखनही समजण्यास कठीण होते. भारतातील त्यांच्या अनेक सूचना अहवालांतच राहिल्या. पट्टीने आखलेला सरळ रस्ता अधिकाऱ्यांना सोपा वाटे. घराघरांत जाऊन पाहणी करण्याचे कष्ट घेणारे थोडेच होते. तरीही त्यांचा विचार संपला नाही. अमेरिकन विचारवंत लुईस ममफर्ड यांनी तो पुढे नेला. १९४७ मध्ये जॅकलिन टिरविट यांनी त्यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि नव्या पिढीतील नगररचनाकारांना त्यांची ओळख झाली.

आज आपल्या शहरांत रस्ते रुंद करताना पदपथ अरुंद होतात, झाडे पडतात, पायी चालणाऱ्या वृद्धाला रस्ता ओलांडण्यासाठी जीव मुठीत धरावा लागतो. अशा वेळी रस्त्याची रुंदी मोजण्याआधी त्या रस्त्यावरील माणसे मोजावीत, हा गेडिस यांच्या जीवनाचा धडा आठवतो. आपली गल्ली कोणासाठी आहे, तेथे मूल निर्धास्तपणे खेळू शकते काय, वृद्धांना बसावयास सावली आहे काय, तिची झाडलोट करणाऱ्याला आपण मान देतो काय, हे प्रश्न नगररचनाकारांइतकेच आपलेही आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी पदवीची आवश्यकता नाही. डोळे उघडे ठेवून आपल्याच गल्लीतून सावकाश चालत गेले, तरी त्या शोधाला आरंभ होतो.